नकाशा मंजूर आहे का?

२०२५च्या मार्च महिन्याचा शेवटचा आठवडा. रोजे सुरू होते. तरावीहची नमाज आटोपून लोक चहाच्या टपरीवर जमत, तेव्हा एरवी ईदच्या कपड्यांच्या आणि शेवयांच्या गोष्टी निघतात. त्या आठवड्यात उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत सगळे एकमेकांना एकच प्रश्न विचारत होते, “तुमच्या घराचा नकाशा मंजूर आहे का?”

आमच्या घरीही अब्बांची लोखंडी पेटी उघडली. तीत स्टँपपेपरवरचं विक्रीपत्र होतं, सोसायटीला भरलेल्या हप्त्यांच्या चिठ्ठ्या होत्या, घरटॅक्सच्या तीस वर्षांच्या पावत्या होत्या, पाण्याची आणि विजेची बिलं होती. मंजूर नकाशा तेवढा नव्हता. अब्बा म्हणाले, “टॅक्स तर दरवर्षी भरला. पावती आहे. मग घर बेकायदा कसं?”

या प्रश्नाचं उत्तर शोधायला शहराच्या इतिहासात बरंच मागं जावं लागतं.

शब्द आपलेच आहेत

बांधकाम परवानगीच्या कार्यालयात जे शब्द रोज वापरले जातात त्यांच्याकडे जरा लक्ष द्या. अर्ज, नकाशा, मंजूर, इमारत, हद्द, रस्ता, दाखला, नझूल. यातले बहुतेक शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. ‘मंजूर’चा मूळ अरबी अर्थ ‘पाहिलेलं’, नजरेखालून गेलेलं. ‘नजर’ आणि ‘मंजूर’ एकाच धातूचे. म्हणजे नकाशा मंजूर करणं याचा सरळ अर्थ असा, की घर उभं राहण्याआधी कुणीतरी जबाबदारीनं तो पाहिला. शेजाऱ्याचा उजेड अडत नाही ना, गल्ली अरुंद होत नाही ना, सांडपाण्याला वाट आहे ना, हे तपासलं.

ही कल्पना इंग्रजांनी आणली असं आपण समजतो. पण रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर तो सात हात सोडावा, शेजाऱ्याला आपल्या भिंतीत तुळई टेकवू द्यावी, असे निवाडे हदीसच्या संग्रहांत आहेत. चौदाव्या शतकात ट्यूनिसमधल्या इब्न अल-रामी नावाच्या गवंड्यानं तर भिंती, खिडक्या आणि गटारांच्या भांडणांवर कायद्याचा ग्रंथच लिहिला. घर बांधणाऱ्याचा हक्क मोठा, पण त्यानं दुसऱ्याला इजा होता कामा नये, हा त्या सगळ्याचा गाभा. आजच्या नियमावलीतही तोच आहे.

पेठांचं शहर

नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, १७०२ साली. बारा खेडी एकत्र करून. त्याचा वारस चांद सुलताननं शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. तो आज गांधीसागर म्हणून ओळखला जातो. तटाचा जुम्मा दरवाजा आज गांधी गेट झाला आहे. पुढे १७४३मध्ये सत्ता रघुजी भोसल्यांकडे आली आणि इतवारी, बुधवारी, शुक्रवारी अशा पेठा भरत गेल्या.

या जुन्या शहरात कोष्टी विणकर होते, तसेच उत्तरेतून आलेले मोमीन विणकरही होते. मोमिनपुऱ्यानं त्यांचं नाव जपलं. विणकराचं घर हाच त्याचा कारखाना. पुढच्या खोलीत माग, मागे चूल, भिंतीला भिंत लागलेली. चारी बाजूंनी जागा सोडून बांधलेलं घर ही कल्पनाच तिथे नव्हती आणि तेवढी जमीनही नव्हती.

१८५४ साली भोसल्यांचं राज्य खालसा झालं. १८६४मध्ये नागपूर नगरपालिका आली. मध्य प्रांताच्या नगरपालिका कायद्यांनी घर बांधण्याआधी समितीला कळवायची पद्धत रुजवली. रोगराईची भीती हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. मुंबईत १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढायचे, हवा खेळवायची, असा त्याचा विचार. नागपूरचा असा कायदा १९३६ साली झाला, तोच नागपूर सुधार प्रन्यास, आपली ‘नासुप्र’.

याच्या आधी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, पॅट्रिक गेडीस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार हिंदुस्थानातली शहरं फिरून पाहत होते. त्यांनी नागपूरचाही अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं होतं, की जुनं शहर सरसकट पाडून सुधारत नाही. मोडकळीला आलेलं तेवढं काढा, चौक आणि विहिरी जपा, माणसं जिथं आहेत तिथंच त्यांचं जगणं सुसह्य करा. नगररचनेच्या पुस्तकांत गेडीस अजून वाचले जातात. प्रत्यक्षात वजन राहिलं ते रुंद रस्त्याच्या विचाराला.

अर्धं शहर नकाशाबाहेर

१९५१ साली नागपूरची महानगरपालिका झाली. १९६६मध्ये महाराष्ट्राचा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आला. त्याच्या कलम ४४खाली अर्ज करायचा आणि कलम ४५खाली परवानगी मिळते. याच कलमात नागरिकाच्या बाजूची एक तरतूद आहे. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. अट एवढीच, की बांधकाम नियमांत बसणारं हवं. परवानगी नाकारली तर कलम ४७खाली शासनाकडे अपील करता येतं. म्हणजे कायद्याच्या लेखी परवानगी ही साहेबाची मेहरबानी नाही. नियमात बसणाऱ्याचा तो हक्क आहे.

मग लोकांनी अर्ज का केले नाहीत? कारण घराचा अर्ज करायला आधी प्लॉट कायदेशीर लागतो. इथेच गाडी अडली. शहर वाढलं तसं कडेच्या शेतांचे तुकडे पडले. शेतकऱ्याकडून जमीन घेऊन गृहनिर्माण सोसायट्यांनी चुन्याच्या रेघा मारल्या आणि हप्त्यावर प्लॉट विकले. जमीन अकृषिक झालेली नाही, ले-आऊट मंजूर नाही, रस्ते कागदावर. घेणारा कोण? गिरणी कामगार, रिक्षावाला, शाळेचा शिपाई, विणकर, फळविक्या. त्याला हजार-पंधराशे फुटांचा तेवढाच तुकडा परवडत होता. त्यात मुसलमान होते, बौद्ध होते, हलबा होते, तेली-कुणबी होते. बेकायदा ले-आऊटला जातधर्म नव्हता. अट एकच, खिशात पैसे कमी असायला हवेत.

त्यातून एकाच शहरात परवानगी देणारी कार्यालयं दोन. काही भाग मनपाकडे, काही नासुप्रकडे. कुठला अर्ज कुठं द्यायचा हेच अनेकांना कळत नसे. जुन्या भागात नझूलचा पट्टा, त्याचं नूतनीकरण हा आणखी वेगळा गुंता.

२००१ साली गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा आला. शासनानं एका अर्थी कबूल केलं, की ही घरं आता पाडता येणार नाहीत, यांना कायद्यात घ्यावं लागेल. नागपुरात ‘५७२ ले-आऊट’ आणि नंतर ‘१९०० ले-आऊट’ हे शब्द घराघरांत पोचले. नासुप्रकडे अर्ज करा, डिमांड भरा, मग नियमितीकरणाचं पत्र घ्या. यालाच आपण ‘आर.एल.’ म्हणतो. आजही प्लॉटच्या जाहिरातीत ‘आर.एल. उपलब्ध’ हे मोठ्या अक्षरांत छापतात, ते उगीच नाही. २०२१च्या दुरुस्तीनं या कायद्याची मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. ज्यांनी डिमांड भरला त्यांचे कागद झाले. ज्यांना जमलं नाही, कळलं नाही किंवा ‘बघू पुढे’ म्हणून राहिलं, ते राहिले.

नियम हवेतच

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. नियम नकोतच, असं म्हणून चालणार नाही. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. माणसं दगावली, हजारो घरांतलं सामान वाहून गेलं. नदीचं पात्र कुणी अरुंद केलं हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यात सांडव्याजवळ खुद्द महापालिकेनं उभारलेल्या स्मारकाच्या जागेवरही बोट ठेवलं गेलं. नियम मोडणारे फक्त गरीब वस्त्यांत राहत नाहीत, हे शहरानं त्या दिवशी पाहिलं.

मार्च २०२५

१७ मार्च २०२५ला महाल भागात हिंसाचार उसळला. त्यात जो कुणी दोषी असेल त्याला न्यायालयानं शिक्षा द्यावी, याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण २४ मार्चला महापालिकेनं आरोपींपैकी एकाचं दुमजली घर पाडलं. कारण सांगितलं गेलं, मंजूर नकाशा नाही. त्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं पाडकामाला स्थगिती दिली. तोवर पहिलं घर जमीनदोस्त झालं होतं, दुसऱ्याचा काही भाग पडला होता.

याच्या चार महिने आधी, १३ नोव्हेंबर २०२४ला, सर्वोच्च न्यायालयानं देशभरासाठी नियम घालून दिले होते. पाडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस, ती नोंदणीकृत टपालानं, मालकाचं म्हणणं ऐकणं, कारणांसह आदेश आणि आदेशानंतर पुन्हा पंधरा दिवस. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्ग, नदीपात्रावरची अतिक्रमणं आणि न्यायालयानंच पाडायला सांगितलेली बांधकामं यातून वगळली आहेत. हा निकाल देणाऱ्या पीठावर न्यायमूर्ती भूषण गवई होते. ते अमरावतीचे. वकिली बहुतांश नागपूर खंडपीठात केलेली आणि एकेकाळी याच नागपूर महापालिकेचे वकील राहिलेले. एप्रिलमध्ये महापालिका आयुक्तांनी उच्च न्यायालयाची बिनशर्त माफी मागितली. सर्वोच्च न्यायालयाच्या या नियमांची अधिकाऱ्यांना माहिती नव्हती, असं सांगितलं गेलं.

माफीनं भिंत उभी राहत नाही. आणि मूळ प्रश्न त्याहून मोठा आहे. हजारो घरांचा नकाशा मंजूर नसतो, तेव्हा कायदा प्रत्येकाच्या दारावर जात नाही. तो कुणाच्या दारावर जायचा हे कुणीतरी निवडतं. ज्या घराकडे तीस वर्षं कुणी पाहिलं नाही, ते गुन्हा नोंदवल्यानंतर आठवड्याभरात दिसू लागतं. नियम तोच, पण आता त्याचं काम बदललेलं असतं. शेजाऱ्याचं रक्षण बाजूला राहतं आणि खटल्याआधीच शिक्षा होते, तीही आरोपीबरोबर त्याच्या आईला, बायकोला, पोरांना.

अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर

टॅक्सची पावती म्हणजे परवानगी नाही, हे आपल्याला कबूल करावं लागेल. टॅक्स हा वापराचा आणि सेवेचा. परवानगी हा वेगळा कागद. १७ डिसेंबर २०२४ला, म्हणजे त्या पहिल्या निकालानंतर साधारण महिन्याभरानं, सर्वोच्च न्यायालयानं मेरठच्या एका प्रकरणात सांगितलं, की कितीही वर्षं गेली तरी बेकायदा बांधकाम आपोआप कायदेशीर होत नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले पाहिजेत. पहिला पालिकेचे हात बांधतो, दुसरा आपल्याला जागं करतो.

आणि वाट पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. डिसेंबर २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर परवानाधारक अभियंत्याकडून नियमात बसणारा नकाशा दाखल केला आणि शुल्क भरलं, की ती पावतीच परवानगी धरली जाते. ३०० मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगीची तरतूद आहे. पण त्याआधीचे कागद हवेत. विक्रीपत्र, आखीव पत्रिका किंवा सात-बारा, मोजणीचा नकाशा, ले-आऊटची मंजुरी किंवा आर.एल. काम सुरू झाल्यावर जोत्याची तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. हे शेवटचं बहुतेक जण घेतच नाहीत.

आपल्या मोहल्ल्यांत लग्नावर, स्लॅबवर, दारातल्या टाइल्सवर खर्च होतो. नकाशाच्या शुल्काला मात्र ‘फुकटचा खर्च’ म्हणतात. मशिदीच्या कमिट्यांनी, वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी महिन्यातून एक रविवार कागद तपासून द्यायला काढला, तर कितीतरी पेट्यांतलं हे कमी असलेलं पान भरून निघेल. त्याच वेळी नियमितीकरणाचे पडून राहिलेले अर्ज मुदतीत निकाली काढा, कारवाई करायची तर सगळीकडे सारख्या मापानं करा, हे आपण मनपा आणि नासुप्रला लेखी विचारलं पाहिजे. कागद पूर्ण असलेला माणूस हे जास्त ठामपणे विचारू शकतो.

ईदनंतरच्या सोमवारी अब्बा मोजणीचा अर्ज द्यायला गेले. तिथल्या खिडकीवर रांग होती. पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी मागे वळून विचारलं, “चाचा, तुमच्याही ले-आऊटची आर.एल. राहिली का?” त्यांच्या कपाळावर गंध होतं. दोघांच्या हातातली प्लास्टिकची फाइल मात्र एकाच दुकानातली वाटत होती.