धार न धरणारा वस्तरा आणि बाजाराचं इमान

दोन वर्षांपूर्वी ईदला मी अब्बांसाठी ऑनलाइन एक वस्तरा मागवला. अब्बांनी तालुक्याच्या गावी चाळीस वर्षं सलून चालवलं. गुडघे दुखायला लागले तसं दुकान बंद केलं, पण जुनी धोकटी अजून कपाटात जपून ठेवलेली आहे. म्हटलं, या माणसाला यापेक्षा चांगली भेट कोणती? वस्तरा दिसायला देखणा होता. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, शिंगाची मूठ, सोबत मखमली पिशवी. डब्यावर ‘दमिश्की पोलाद’ असं छापलेलं.

अब्बांनी तो उजेडात धरून पाहिला, बोलले काहीच नाहीत. धोकटीतून दगड काढला, पाणी शिंपडलं आणि धार लावायला बसले. तासाभराने चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला आणि डोक्यावरचा एक केस उपटून धारेवर धरला. केस तुटला नाही, नुसता वाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी वस्तरा स्वतःच्या गालाला लावला आणि गाल ओरबाडला गेला. वस्तरा पुसून ठेवत ते म्हणाले, “हात गेला बेटा माझा.”

मला ते ऐकवेना. मी धोकटीतला त्यांचा जुना, मूठ बांधून घेतलेला वस्तरा पुढे केला. वीस मिनिटांत त्याने केस तोडला. हात शाबूत होता, खोट लोखंडात होती. पण चाळीस वर्षं हा धंदा केलेल्या कारागिराने दोष आधी स्वतःला दिला, मालाला नाही. ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. या फसवणुकीचा इतिहास शोधायला मी तिथून सुरुवात केली.

खोट दिसत का नाही?

वस्तऱ्याची धार टिकते ती पोलादातल्या कार्बनमुळे. चांगल्या वस्तऱ्याच्या पोलादात तो साधारण शेकडा एक भाग किंवा थोडा जास्त असतो. असं पोलाद लाल तापवून एकदम थंड केलं, म्हणजेच त्याला ‘पाणी दिलं’, की ते कडक होतं. मग पुन्हा हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. कार्बन जवळजवळ नसलेल्या मऊ लोखंडाला कितीही पाणी द्या, ते मऊच राहतं. त्याची धार दगडावर आल्यासारखी वाटते आणि पहिल्या चार केसांत मुडपते. पोलाद चांगलं असूनही घासताना पातं जास्त तापलं तर पाणी उतरतं. पातं किंचित वाकडं असलं तर दगडावर ते मध्येच टेकतं, टोकाला टेकतच नाही.

यातलं काहीही दुकानात दिसत नाही. दुकानात दिसते ती चकाकी. कोयता किंवा विळा बोथट निघाला तर शेतकऱ्याला लगेच कळतं. वस्तऱ्याची खोट मात्र गिऱ्हाइकाच्या गालावर उघडी पडते आणि शिव्या खातो न्हावी. लोहार आणि विक्रेता तोवर दूर गेलेले असतात.

मुहतसिबची नजर

आपल्याकडे मुहतसिब म्हटलं की औरंगजेबाचा, दारू-भांगेवर नजर ठेवणारा अधिकारी आठवतो. पण मुहतसिबचं मूळ काम बाजाराचं. वजनं-मापं तपासायची, दुधात पाणी आहे का पाहायचं, प्रत्येक धंद्यातली लबाडी ओळखायची. या खात्याला हिस्बा म्हणत. मुहतसिबांच्या मार्गदर्शनासाठी अरबीत पुस्तकं लिहिली गेली. त्यातलं एक महत्त्वाचं पुस्तक 12व्या शतकात सीरियात अल-शैजरी यांनी लिहिलं. नानबाई, कसाई, अत्तारी, हमामखान्यातला न्हावी, अशा एकेका धंद्यासाठी त्यात एकेक प्रकरण आहे.

लोहारांच्या प्रकरणात एक नियम सापडतो. मऊ लोखंडाची धारेची हत्यारं घडवून ती पोलादाची म्हणून विकायची नाहीत, कारण ती ‘तदलीस’ आहे. तदलीस म्हणजे मालातला दोष लपवणं. तिथे मऊ लोखंडासाठी आलेला शब्द मूळ फारसी ‘नर्म-आहन’वरून आला आहे. त्यातला ‘नरम’ आपण मराठीत रोज वापरतो, आणि फारसी ‘पुलाद’ आपल्या पोलादात आहेच. 9व्या शतकात बगदादचे तत्त्वज्ञ अल-किंदी यांनी तलवारींवरच्या ग्रंथात हाच फरक मांडला होता: कोणतं लोखंड निसर्गतः मऊ, कोणतं कडक आणि कोणतं भट्टीत तयार केलेलं पोलाद. म्हणजे पोलाद आणि लोखंड यांतला भेद विद्वानाला माहीत होता, कारागिराला माहीत होता, आणि तो बाजारात पाळला जावा ही राज्याची जबाबदारी मानली जात होती.

मुंबईहून गेलेलं पोलाद

दमिश्की तलवारींवरची खरी नक्षी वरून काढलेली नसे. मुशीत वितळवलेल्या पोलादाच्या पोटातूनच ती उमटत असे. असं पोलाद दक्षिण भारतात, श्रीलंकेत आणि मध्य आशियात होई. आपल्या नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद भागातलं कोनासमुद्रम हे त्याचं एक केंद्र. 19व्या शतकातही इराणी व्यापारी तिथे येऊन पोलाद विकत घेत.

1794 मध्ये मुंबईतले स्कॉटिश डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. इंग्रजांनी त्याला ‘वूट्झ’ म्हटलं. 1795 मध्ये जॉर्ज पिअरसन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. लंडनचे हत्यारं बनवणारे जेम्स स्टोडार्ट यांना ते फार आवडलं. पुढे याच स्टोडार्ट यांच्यासोबत मायकेल फॅरडे यांनी वूट्झचं रहस्य शोधायला पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहिलं. फॅरडे हे लोहाराचे चिरंजीव. नव्या पोलादाचे वस्तरे करून त्यांनी मित्रांना भेट दिले.

इथवर ही अभिमानाची गोष्ट आहे. पण पुढचा भाग पाहा. चांदीच्या या प्रयोगानंतर ‘सिल्व्हर स्टील’ हे शब्द शेफील्डच्या वस्तऱ्यांवर कोरले जाऊ लागले. आत चांदी आहे की नाही हे शब्द वाचून गिऱ्हाइकाला कळण्याची सोय नव्हती. प्रयोगशाळेतलं नाव बाजारात येऊन नुसता शिक्का झालं. माझ्या डब्यावरच्या ‘दमिश्की’चंही तेच झालं होतं.

शिक्क्यांची लढाई

शेफील्डला खरं पोलाद नव्हतं असं नाही. 1740च्या दशकात बेंजामिन हंट्समन यांनी तिथेच मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली होती. पण त्याच इंग्लंडमध्ये साच्यात ओतलेल्या बिडाच्या सुऱ्या-कात्र्या घासून-पुसून पोलादाच्या म्हणून खपवल्या जात. शेवटी 1819 मध्ये कायदा करावा लागला: हातोड्याने घडवलेल्या मालावरच हातोड्याची खूण करता येईल. अल-शैजरी यांनी जे मुहतसिबला सांगितलं होतं, तेच सुमारे सातशे वर्षांनी संसदेला लिहावं लागलं.

त्याआधी 18व्या शतकाच्या अखेरीस जॉन वोल्कट या कवीने ‘पीटर पिंडर’ या नावाने एक विनोदी कविता लिहिली होती. एक खेडूत अठरा पेन्सला डझनभर वस्तरे घेतो, तोंड सोलून घेतो आणि विक्रेत्याला जाब विचारतो. विक्रेता शांतपणे सांगतो की ते दाढीसाठी केलेलेच नव्हते. कविता इंग्लंडभर गाजली, कारण असं तोंड अनेकांनी सोलून घेतलेलं होतं.

19व्या शतकाच्या अखेरीस शेफील्डवाले ओरडू लागले की जर्मनीतला हलका माल आपल्या नावाने विकला जातोय. 1887 मध्ये मालावरच्या खोट्या खुणांविरुद्ध नवा कायदा आला आणि ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द हिणवण्यासाठी वापरले जाऊ लागले. पण जर्मनीच्या झोलिंगेनचे वस्तरे पुढे जगात नावाजले गेले, आणि 1938 मध्ये झोलिंगेनलाच आपल्या नावाच्या रक्षणासाठी कायदा करून घ्यावा लागला. जे काल नक्कल करणारे म्हणून बदनाम होते, त्यांचीच आज नक्कल होत होती. म्हणून ‘अमक्या देशाचा माल म्हणजे भंगार’, ‘अमकी जमात म्हणजे फसवी’ असं कुणी म्हणालं की मला हा इतिहास आठवतो. खोटा वस्तरा कुठल्याही गावात घडतो. त्याला रोखणारं कुणी त्या गावात आहे का, एवढाच प्रश्न असतो.

दुकान आणि दाद

मी विक्रेत्याकडे तक्रार केली. उत्तर आलं की ही ‘शोभेची वस्तू’ आहे, तसं वर्णनाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं. वोल्कटचा विक्रेता अजून धंद्यात आहे हे तेव्हा कळलं. आपल्याकडे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, फसव्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे. पण एका वस्तऱ्यासाठी कोण भांडत बसतो? या हिशेबावरच तर हा धंदा चालतो.

अल-शैजरी यांचा नियम मी अब्बांना सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण पोलाद खरं की खोटं हे तो मुहतसिब ओळखायचा कसा?” मी म्हणालो, त्या-त्या धंद्यातला जाणता, भरवशाचा माणूस सोबत नेमायचा, अशी रीत होती.

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी नक्षीचा वस्तरा मागितला, कानस घेतली आणि पात्याच्या टोकावर हलकेच ओढली. कडक पोलादावरून कानस घसरते. इथे ती चावली आणि लोखंडाची भुकटी त्यांच्या बोटावर पडली. ते बोट माझ्यापुढे धरून ते म्हणाले, “हे पहिल्या दिवशीच बघायला पाहिजे होतं. मला वाटलं, तू आणलंयस म्हणजे चांगलंच असणार.”