इसब आणि देवीची लस

इसब विषाणूमुळे होत नाही. तरीही इसब असलेल्या त्वचेवर काही विषाणू इतक्या वेगाने पसरतात की रोगी दगावू शकतो. या नात्याचा इतिहास मोठ्या प्रमाणात देवीच्या लशीचा इतिहास आहे.

एडवर्ड जेनरने 1796 मध्ये गोस्तन देवीची लस पहिल्यांदा टोचली. जिवंत विषाणूची ही लस व्हिएन्नाच्या ज्याँ द कारो या डॉक्टरने बगदाद-बसऱ्याच्या वाटेने पूर्वेकडे धाडली आणि 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती लागली. तिच्या फोडातल्या लशीने पुढची मुले टोचली गेली. मराठीत या टोचण्याला ‘देवी काढणे’ हे नाव पडले. देवीच्या भयापुढे त्वचेच्या इतर तक्रारींकडे कोण बघणार? जेनरने मात्र पाहिले होते. अंगावर त्वचारोग असेल तर लशीचा फोड नेहमीसारखा उठत नाही, असे त्याने 1804 मध्ये लिहिले. त्वचारोग लशीत बिघाड करतो, हे त्याला दिसले. लस त्वचारोग्याचे काय करते, हा प्रश्न पुढच्या पिढ्यांकडे गेला.

1887 मध्ये व्हिएन्नातच मोरित्झ कापोसी या त्वचारोगतज्ज्ञाने इसब असलेल्या लहान मुलांमधला एक भयंकर प्रकार वर्णन केला. मुलाला एकाएकी ताप चढे, इसबाच्या जागी मध्यभागी खळगा असलेले फोड घोसाने उठत, चेहरा सुजे. पुरळ कांजिण्यांसारखा दिसे, म्हणून नावही तसेच पडले. एकाच चित्रामागे दोन वेगळे विषाणू असू शकतात, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले: एक ओठांवर जर उठवणारा हर्पिस, दुसरा खुद्द लशीतला व्हॅक्सिनिया.

लशीचा धोका टोचलेल्यापुरता नव्हता, आणि हीच त्यातली सर्वांत क्रूर बाब. दंडावरची खपली गळेपर्यंत त्या जखमेतून विषाणू बाहेर पडतो. धाकट्या भावाला इसब म्हणून त्याला टोचले नाही, पण थोरल्याला टोचले आणि दोघे एका अंथरुणात झोपले, एवढे पुरे होई. म्हणून इसब असलेल्यालाच नव्हे, तर त्याच्या घरच्यांनाही टोचू नये, असा नियम आला. देवीची साथ दाराशी असताना तो पाळणे सोपे नव्हते, कारण मोठ्या देवीत दहातले तीन रोगी मरत. अशा वेळी टोचणाऱ्या डॉक्टरला दोष देणे अन्यायाचे ठरेल. मद्रासमध्ये देवीच्या रोग्यांवर अभ्यास केलेल्या हेन्री केम्पेने लस घेतलेल्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्ये लशीच्या विषाणूचा संसर्ग झालेल्या इसबाच्या रोग्यांना दिली. पूर्वी 30 ते 40 टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण त्या उपचाराने सुमारे 7 टक्क्यांवर आले.

विषाणूला वाट मिळते ती केवळ खाजवून सोललेल्या कातडीतून, असा समज बराच काळ होता. पण बालपणीचा इसब बरा झालेल्या, निरोगी दिसणाऱ्या माणसांनाही हा धोका होता. उलगडा उशिरा झाला. एलएल-37 हे विषाणू मारणारे प्रथिन इसबाच्या त्वचेत कमी बनते, असे 2002 मध्ये आढळले. इसबात वाढलेले दाहाचे काही संदेशरेणूच त्याची निर्मिती दाबतात. 2006 मध्ये इसबाच्या रोग्यांत फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातले दोष सापडले. त्याच्यावाचून त्वचेचा बाहेरचा थर जन्मापासूनच कच्चा राहतो. म्हणजे त्वचेचा कच्चेपणा आणि दाह आधी येतात, विषाणू नंतर.

1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवी संपल्याचे जाहीर केले आणि सार्वत्रिक टोचणी बंद झाली. 2002 च्या अखेरीस अमेरिकेने जैविक हल्ल्याच्या भीतीने सैनिकांना ती पुन्हा सुरू केली. 2007 मध्ये लस घेतलेल्या एका सैनिकाच्या, इसब असलेल्या सुमारे सव्वादोन वर्षांच्या मुलाला बापाकडून संसर्ग झाला. प्रतिद्रव्ये आणि तेव्हा प्रायोगिक असलेले टेकोव्हिरिमॅट हे औषध देऊन तो वाचला. आज इसब असलेल्यांना देता येईल अशी लस आहे. म्युनिकच्या अँटोन मायर यांनी व्हॅक्सिनिया कोंबडीच्या भ्रूणपेशींत पाचशेहून अधिक वेळा वाढवून तिचा विषाणू तयार केला. माणसाच्या पेशीत तो शिरतो, पण तिथे त्याची वाढ होत नाही.