घटिकापात्र, मुंबई टाइम आणि भावाचा फोन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ताई आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा आमच्याकडे गारखेड्याला आले होते. एका रात्री साडेदहाच्या सुमाराला माझा धाकटा भाऊ स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला धरून उभा राहिला. कपाळावर घाम, हात थरथरताहेत. त्याला अकराव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह आहे, त्यामुळे हे काय असतं ते आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. आईने काही न विचारता ग्लुकोजचा डबा काढला. मी त्याचा फोन उचलून पाहिला. ॲपवर शुगर २३४ दिसत होती. बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर पाहिली, ती निघाली ५६.

ॲपचं इन्सुलिन देणं आधी थांबवलं. ग्लुकोज दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, पुन्हा दिलं. मध्यरात्रीच्या पुढे शुगर नव्वदच्या वर टिकली तेव्हा आई पलंगावर टेकली. मी फोन घेऊन बसलो, कारण ते ॲप मीच त्याच्या फोनवर बसवलं होतं. ॲपमधल्या नोंदी उघडल्या आणि पोटात गोळा आला. काही नोंदींवर रात्री अकरा पन्नासपासून सव्वाबारापर्यंतच्या वेळा होत्या. त्या नोंदी आल्या तेव्हा घरात कुणाचे साडेनऊसुद्धा धड वाजले नव्हते.

सकाळी भाच्याला जवळ बसवून विचारलं. त्याने लगेच सांगितलं. छोट्या मामाच्या फोनवर तो गोळ्या फोडायचा खेळ खेळत होता. पाच जीव संपले. नवा जीव अर्ध्या तासाने मिळतो. मग त्याने घड्याळ तीन तास पुढे केलं, सगळे जीव परत मिळाले, खेळ झाल्यावर घड्याळ पुन्हा होतं तिथे आणून ठेवलं. "तूच नाही का मला दाखवलं होतंस, मामा?"

दाखवलं होतं. इंजिनिअरिंगला असताना तीस दिवसांच्या मुदतीची सॉफ्टवेअरं आम्ही संगणकाची तारीख मागे घेऊन महिनोन्‌महिने वापरायचो. ती फुशारकी मी त्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत ऐकवली होती. घड्याळ हा माझ्या लेखी निव्वळ एक आकडा होता, बदलला तरी कुणाचं काही बिघडत नाही असा.

त्यानंतरचे काही आठवडे मी वेळेच्या इतिहासाबद्दल मिळेल ते वाचत होतो. खरं तर मला एवढंच समजून घ्यायचं होतं की माझं चुकलं कुठे.

आपल्याकडे वेळ मोजण्याचं जुनं साधन म्हणजे घटिकापात्र. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाणी भरलेल्या घंगाळात सोडायची. छिद्रातून पाणी आत येत राहतं, वाटी भरते आणि बुडते. ही एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटकांचा एक अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त गाठायला सूर्योदयापासून किंवा सूर्यास्तापासून वाट्या मोजत. 'घटकाभर टेक' असं आपण आजही म्हणतो आणि कुणाची 'घटका भरली' असंही. या वाटीची गंमत अशी की किती वाजले हे तिला ठाऊकच नसतं. किती वेळ गेला एवढंच ती सांगते.

इन्सुलिनही तसंच. जेवताना घेतलेलं जलद इन्सुलिन पाव तासात कामाला लागतं, तास-दीड तासात त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि पाच-सहा तास ते थोडं थोडं काम करत राहतं. जुन्या हिशोबाने पंधरा घटका. भिंतीवरच्या घड्याळात काय दिसतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

'किती वाजले' ही मात्र माणसांनी ठरवलेली गोष्ट आहे, आणि ती ठरवताना आपल्याकडे चांगलंच रण माजलं होतं. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक गावाची वेळ त्या गावाच्या सूर्याची. रेल्वे आणि तारखातं आलं तसं हे गैरसोयीचं होऊ लागलं, आणि मद्रासच्या वेधशाळेची वेळ देशभरच्या गाड्यांना लागू झाली. मुंबईचा सूर्य मद्रासच्या अर्धा तास मागे. १८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजाला मद्रास टाइम लावला. व्यापारी आणि नागरिक बिथरले. दोनेक वर्षांत तो हुकूम गुंडाळावा लागला आणि शहराचे व्यवहार पुन्हा मुंबई टाइमवर आले.

दुसरी फेरी झाली १९०५-०६ साली. ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ आधी रेल्वेने घेतली आणि १ जानेवारी १९०६ पासून ती सर्वत्र लागू करायचं ठरलं. मुंबई टाइम तिच्या ३९ मिनिटं मागे होता. गिरणी कामगाराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता: भोंगा आता ३९ मिनिटं आधी वाजणार. त्या जानेवारीत गिरण्यांमध्ये यावरून दंगाही झाला. महापालिकेत फिरोजशहा मेहतांसारखे लोक नव्या वेळेच्या विरोधात उभे राहिले. परिणाम असा की स्टेशनात एक वेळ आणि शहरातल्या कित्येक घड्याळांवर दुसरी, अशी दोन वेळांची मुंबई पार स्वातंत्र्यानंतरपर्यंत चालली. मुंबईत कुणी वेळ सांगितली की कुठली, असा प्रश्न रास्तच होता. भरीला दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, अख्ख्या देशाची घड्याळं तासभर पुढे केलेली होती.

तेव्हा आमचं औरंगाबाद निजामाच्या राज्यात. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाडहून रेल्वे आली आणि तिच्याबरोबर रेल्वेची वेळ. तारखेचा हिशोब मात्र आणखी निराळा होता. सरकारी कागद फसली सनात निघत. आमच्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत जमिनीचे जे कागद आहेत त्यांवरचं साल वाचून लहानपणी मला ते शिवकालाच्याही आधीचे वाटले होते. मग आजोबांनी शिकवलं: फसलीत ५९० मिळव. हैदराबादचा जहागिरी रद्द करणारा कायदा १३५८ फसलीचा म्हणून ओळखला जातो, तो निघाला १९४९ साली. कागदावरचा आकडा कितीही परका दिसो, जहागीर गेली त्याच दिवशी गेली.

इथे मला माझं उत्तर सापडू लागलं. मुंबई टाइम आणि मद्रास टाइम ही एकाच क्षणाची दोन नावं. फसली आणि इसवी ही एकाच वर्षाची दोन नावं. नाव बदललं तरी क्षण जागचा हलत नाही. फोनही आतल्या आत हेच करतो. १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद गेले, हा एकच आकडा तो मोजत असतो. संभाजीनगरला तो साडेपाच तास मिळवून दाखवतो, न्यू जर्सीला चार किंवा पाच तास वजा करून. म्हणून वेळ 'आपोआप' वर ठेवून माणूस विमानाने अमेरिकेला गेला, तरी त्याच्या इन्सुलिनच्या नोंदी शाबूत राहतात. दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या डोसचं वेळापत्रक नव्या गावाला कसं जुळवायचं, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्यावं लागतं.

हाताने घड्याळ पुढे करणं हे नाव बदलणं नव्हे. त्याने तो मूळ आकडाच खोटा होतो. घंगाळात हात घालून वाटी दाबून बुडवायची आणि म्हणायचं, घटका भरली.

त्या रात्री काय झालं ते आता नीट मांडता येतं. साडेआठला जेवण आणि त्याचं इन्सुलिन. आठ पन्नासला फोनमध्ये अकरा पन्नास झाले. ॲपच्या दृष्टीने त्या इन्सुलिनला तीन तास वीस मिनिटं उलटली, म्हणजे त्यातलं बरंचसं खर्ची पडलं आणि जेवणही जवळपास पचलं. प्रत्यक्षात वीसच मिनिटं झाली होती, इन्सुलिनचा जोर अजून यायचा होता. सेन्सर दर पाच मिनिटांनी वाढती शुगर कळवत होता. ॲपने रास्त निष्कर्ष काढला: शुगर चढी आहे, अंगात इन्सुलिन उरलेलं नाही, तेव्हा आणखी द्या. मग सव्वानऊला घड्याळ परत मागे आलं, पण सव्वाबाराचा शिक्का बसलेली २३४ ची नोंद तशीच राहिली. सर्वांत ताजी नोंद कोणती? जिची वेळ सर्वांत पुढची. खरी शुगर उतरत होती आणि ॲप तासाभराहून अधिक काळ भविष्यातल्या २३४ शी भांडत होतं. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, इन्सुलिन वाढवणाऱ्या. प्रोग्राममध्ये दोष नव्हता, त्याला वेळच खोटी सांगितली गेली होती.

मग अशा यंत्रांनी घटिकापात्रासारखं नुसतं गेलेला वेळ मोजणारं घड्याळ का वापरू नये? असं घड्याळ प्रत्येक फोनमध्ये असतं. पण फोन बंद होऊन चालू झाला की त्याची मोजणी पहिल्यापासून सुरू होते. शिवाय सेन्सर, पंप आणि फोन ही तीन वेगळी यंत्रं. तिघांच्या नोंदी एका ओळीत लावायच्या तर तिघांना मान्य अशी एक वेळ लागते. रेल्वेला जी अडचण आली होती, तीच ही.

या ॲप्सचा इतिहास छोटा आहे, पण आम्हाला जवळचा. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. त्यानंतर कित्येक दशकं डोसचं गणित रुग्णाने किंवा त्याच्या आईनेच केलं. २०१३ च्या सुमाराला अमेरिकेत काही पालक आणि रुग्ण, त्यांतले बरेच आमच्याच धंद्यातले, कंपन्यांची वाट पाहून थकले. मुलाची शुगर दुरून दिसावी म्हणून त्यांनी 'नाइटस्काउट' उभं केलं. डेना लुईस आणि स्कॉट लीब्रँड यांनी स्वतः डोस कमी-जास्त करणारी प्रणाली बनवून २०१५ मध्ये 'ओपनएपीएस' या नावाने सगळ्यांसाठी खुली केली. पाठोपाठ आयफोनसाठी 'लूप' आणि अँड्रॉइडसाठी 'अँड्रॉइडएपीएस' आलं. या प्रणाली फुकट आहेत, पण स्वतः बांधून घ्याव्या लागतात आणि जबाबदारीही बांधणाऱ्याचीच. भावाचं ॲप बांधायला मला दोन रात्री लागल्या होत्या. माहितीच्या पानांवर घड्याळ हाताने बदलू नका, खेळातले जीव मिळवायला तर नकोच, असा स्पष्ट इशारा होता. मी बांधणीपुरती पानं वाचली आणि पुढे गेलो.

आता आमच्या घरात नियम आहेत. फोनची तारीख आणि वेळ कायम 'आपोआप' वर. त्या फोनवर खेळ नाही आणि त्याचा पासकोड भावाशिवाय फक्त आईला ठाऊक. फोन दुरुस्तीला जाऊन आला, नवा घेतला किंवा बॅटरी पार उतरून बंद पडला, तर आधी भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ ताडून बघायची, पंपाचीही. आणि घड्याळ हललंच, तर पहिलं काम वेळ सुधारणं नव्हे. पहिलं काम ॲपचं आपोआप इन्सुलिन देणं बंद करणं. मग वेळ पुन्हा 'आपोआप', मग बोटातून तपासणी, मग पुढच्या वेळेच्या खोट्या नोंदी शोधून काढून टाकणं. खरोखर किती इन्सुलिन गेलं ते पंपाच्या इतिहासात पाहायचं, आणि ते उतरेपर्यंत, सहा तास तरी, आकडेमोड माणसाने करायची. डॉक्टरांना फोन करायला लाजायचं नाही.

भाचा त्या दिवाळीत दोन दिवस गप्प होता. त्याला रागावणं मला शक्यच नव्हतं. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला तापल्या सुईने भोक पाडलं आणि बादलीत सोडला. पहिल्यांदा चार मिनिटांत बुडाला, भोक मेणाने बारीक केल्यावर अकरा मिनिटांत. चोवीस मिनिटं काही साधली नाहीत. छोटा मामा शेजारी पाटावर बसून मोबाइलवर वेळ लावत होता.

दुपारी त्याला गच्चीवर नेलं आणि एक काठी उभी धरली. गारखेडा ७५ अंशांच्या थोडं पुढे आहे, म्हणजे आमचा सूर्य सरासरीने प्रमाणवेळेच्या सुमारे २९ मिनिटं मागे असतो. घड्याळात बारा वाजले तेव्हा काठीची सावली अजून आखडतच होती. ती सर्वांत आखूड होईपर्यंत आम्ही उन्हात थांबलो. खालून सूतगिरणी चौकाकडच्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. "म्हणजे मोबाइल खोटं सांगतो?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, सगळ्यांनी मिळून तसं ठरवलंय. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "मी एकट्यानेच ठरवलं होतं."