जुहू चौपाटी : उन्हाळ्यात कधी जावे?

जुहू चौपाटी ही मुंबईच्या पश्चिम उपनगरातील सुमारे ६ किलोमीटर लांबीची वालुकामय किनारपट्टी आहे. सांताक्रूझ, विलेपार्ले किंवा अंधेरी स्थानकावर उतरून बस वा रिक्षाने तिथे जाता येते. मे महिन्याच्या सुट्टीत संध्याकाळी इथे पाय ठेवायला जागा नसते. इथे काय खावे हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. कधी जावे, हे मात्र बहुतेक जण फक्त घड्याळ पाहून ठरवतात. खरे तर पंचांगही पाहायला हवे.

तिथीवरून भरतीची वेळ

मुंबईच्या समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी व मध्यरात्री १२ च्या सुमारास असते. त्यापुढचा सोपा ठोकताळा म्हणजे तिथीच्या आकड्याची पाऊणपट. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे ३ च्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला ६ च्या आसपास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. यात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचा तक्ता पाहावाच.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप चढते आणि तितकेच मागे जाते. त्यामुळे पौर्णिमेच्या संध्याकाळी जुहूची वाळू सर्वात रुंद दिसते, मुलांना पळायला मैदानच मिळते. पण सूर्य मावळता मावळता पाणी फिरते आणि सपाट वाळूवरून भराभर आत येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा हा चढउतार कमी असतो.

वारा फसवतो

दुपारी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात. अंगाला गार वाटते, म्हणून उन्हाचा चटका कळत नाही. डोके दुखू लागते ते घरी गेल्यावर. सकाळी ९ पर्यंत किंवा साडेचारनंतरची वेळ बरी.

पाण्यात किती जावे?

घोट्यापर्यंत. शहराचे नाले याच समुद्राला मिळतात, हे एक कारण. दुसरे अधिक गंभीर आहे: मेअखेरीस समुद्र खवळू लागतो आणि आकाश निरभ्र असले तरी लाटा मोठ्या असू शकतात. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर असताना जुहू कोळीवाड्याजवळ चार मुले बुडाली.

फुटलेल्या लाटांचे पाणी कधी कधी अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे परतते आणि माणसाला ओढून नेते. अशा वेळी थेट किनाऱ्याकडे पोहण्याचा प्रयत्न केल्यास दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावे. ते जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. किनाऱ्यावरच्यांनी मागोमाग उडी न घेता जीवरक्षकांना हाक मारावी आणि रिकामा कॅन, दोरी, जे तरंगेल किंवा पकडता येईल ते फेकावे.