घुमटाखाली कबीर

रविवार, ११ नोव्हेंबर १९२३. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, अगदी वरच्या सज्जात, कठड्याला टेकून तुम्ही उभे आहात. खाली काळे कोट, काळ्या टोप्या. बऱ्याच कोटांवर पदकं लटकताहेत, आणि त्यांतली कितीतरी उजव्या छातीवर आहेत. उजवीकडचं पदक घालणाऱ्याचं नसतं. न परतलेल्या मुलाचं, नवऱ्याचं, भावाचं असतं. महायुद्ध थांबल्याला आज पाच वर्षं झाली.

मंचावर गायक आणि वादक मिळून बाराशेच्या वर माणसं बसली आहेत. त्यांच्यासमोर हातात छडी घेतलेला माणूस म्हणजे जॉन फोल्ड्स. नऊच दिवसांपूर्वी त्याला त्रेचाळीस वर्षं पूर्ण झाली. मँचेस्टरचा, ‘बसून’ (bassoon) हे फुंकवाद्य वाजवणाऱ्या वादकाचा हा मुलगा. स्वतः हॅले ऑर्केस्ट्रात चेलो वाजवत मोठा झाला. आज तो स्वतःचीच रचना सादर करतोय, ‘अ वर्ल्ड रिक्वियम’. रिक्वियम म्हणजे मृतांच्या शांतीसाठीचं प्रार्थनासंगीत. ही प्रार्थना मात्र एका देशाच्या मृतांसाठी नाही, सगळ्या देशांच्या मृतांसाठी आहे. वीस भागांची, दीड तासाची.

सूर संथपणे वर चढतात, घुमटाला लागतात आणि क्षणभराने पुन्हा तुमच्याकडे येतात. या हॉलचा प्रतिध्वनी बदनाम आहे. पण आज तो प्रतिसादासारखा वाटतो. शब्द ओळखू येतात: लॅटिन प्रार्थना, बायबल, इंग्रज लेखक जॉन बन्यन. आणि कबीर. हो, आपला कबीर! या संहितेत बनारसच्या विणकराला बायबलच्या शेजारी बसवलं आहे. तुमच्या डोळ्यांपुढे मेसोपोटेमियाच्या वाळूत राहिलेली मराठा पलटणींतली पोरं येतात, कोकणातली, घाटावरची. त्यांच्या आयांच्या छातीवर पदकं कुणी लावली असतील? या सभागृहात त्यांच्या बोलीच्या सर्वांत जवळचं जे काही आज उच्चारलं गेलं, ते कबीराचंच.

आता मंचाकडे नीट पाहा. मायक्रोफोन कुठेच नाही. १९२३ साली रेकॉर्ड करायची म्हणजे एका कोंदट खोलीत भल्यामोठ्या कर्ण्यापुढे मोजक्या वादकांना दाटीवाटीने बसवायचं आणि तबकडीच्या एका बाजूत चार-साडेचार मिनिटं कोंबायची. विद्युत ध्वनिमुद्रण यायला अजून दोन वर्षं आहेत. बाराशे माणसांचा आवाज मावेल असा कर्णा जगात नाही. त्यामुळे आज इथे जे वाजलं ते तुमच्यासारख्यांच्या कानांतच राहणार. १९२६ पर्यंत दरवर्षी याच दिवसाच्या आसपास ही प्रार्थना लंडनमध्ये गायली जाईल, आणि मग थांबेल.

आपल्याकडे गवई गेला तरी बंदिश शिष्याच्या गळ्यात राहते. एक तानपुरा, एक खोली, बास! ऑर्केस्ट्राच्या रचनेला हे भाग्य नाही. तिला शंभर माणसं लागतात, तालमी लागतात, सभागृहाचं भाडं लागतं. हे सारं जुळून येईपर्यंत ती कागदावरची शाई असते. म्हणून अल्पपरिचित रचनेचं ध्वनिमुद्रण मला चैनीची गोष्ट वाटत नाही. ध्वनिमुद्रण हाच तिचा शिष्य.

थोडं मागे जाऊ. १९१५, लंडनच. फोल्ड्सची आयुष्यभराची सोबतीण त्याला याच वर्षी भेटते. मॉड मॅकार्थी आयरिश, लहानपणी गाजलेली व्हायोलिनवादक. ॲनी बेझंट यांच्या सहवासात ती हिंदुस्थानात गेली, तिथलं गाणं शिकून आली. दोन लगतच्या पट्ट्यांच्या मधले, पियानोला ठाऊकच नसलेले स्वर ती गळ्यातून काढून दाखवते. फोल्ड्सही त्यांच्याच शोधात होता. अर्ध्या स्वराचाही अर्धा करून तंतुवाद्यांवर वाजवण्याचे प्रयोग त्याने तरुणपणीच सुरू केले होते. पुढे तो ‘अवतार’ नावाचा संस्कृत विषयावरचा ऑपेरा लिहायला घेतो, आणि नंतर टाकून देतो. उरतात त्याच्या तीन अंकांची तीन वाद्यवृंदीय प्रास्ताविकं: ‘थ्री मंत्राज’. त्याच्या हयातीत ती एकदाही वाजली नाहीत. श्रोत्यांना त्याच्याकडून हवं होतं ‘केल्टिक लमेंट’सारखं हलकंफुलकं. आपलं मोठं काम बाजूला पडतंय याची खंत त्याने पुन्हापुन्हा लिहून कळवली.

आता दिल्ली, १९३८. अलीपूर रोडवरच्या आकाशवाणीच्या स्टुडिओत तुम्ही दाराशी उभे आहात. फोल्ड्स तीन वर्षांपूर्वी हिंदुस्थानात आला आणि आता इथे पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळतो. देशी वाद्यांच्या वादकांना त्याने एका वृंदात बसवलंय, त्यांच्यापुढे स्वरलेखन ठेवलंय. याच वर्षी त्याने हार्मोनियमविरुद्ध एक जळजळीत लेख लिहिला: हिच्या ठोकळेबाज पट्ट्यांत ना श्रुती, ना मींड. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटी बंद झाली आणि १९७१ पर्यंत बंद राहिली. त्या निर्णयामागे त्याच्या लेखाचं वजन होतं. गोविंदराव टेंब्यांच्या पेटीवर जीव टाकणाऱ्या मराठी माणसाला हे वाचून राग येईल. मलाही आला. नाट्यसंगीत पेटीच्या खांद्यावर हात ठेवून चाललं, हे त्याला कळलं नाही, आणि बंदी घालून कान सुधारत नसतो. तरी त्याच्या लेखात परदेशी साहेबाचा तोरा नव्हता, हेही मान्य करावं लागतं. जे स्वर त्याने आयुष्यभर शोधले, तेच वाचवायला तो निघाला होता.

एप्रिल १९३९, कलकत्ता. नव्या केंद्राच्या कामासाठी तो तिथे जातो आणि काही दिवसांत पटकीने मरतो. वय अठ्ठावन्न.

मग पस्तीसएक वर्षांची शांतता.

इंग्लंड, सत्तरचं दशक. एका घराच्या गॅरेजमध्ये तुम्ही वाकून उभे आहात. ओलसर वास येतोय. शवपेटीएवढ्या दोन खोक्यांची झाकणं मॅल्कम मॅकडोनल्ड हा तरुण संगीतसमीक्षक उघडतोय. ब्रिटिश लायब्ररीत फोल्ड्सची काही स्वरलेखनं त्याच्या हाती लागली, त्या धाग्याने तो फोल्ड्सच्या मुलीपर्यंत पोहोचला. आत हस्तलिखितं आहेत. काहींच्या कडा हिंदुस्थानातल्या उंदरांनी आणि मुंग्यांनी खाल्ल्या आहेत. तो एकेक पान उजेडाकडे धरतो आणि ओठांत गुणगुणतो. एवढ्या वर्षांत या पानांना लाभलेला हा पहिला आवाज असेल.

इथून पुढे तबकड्या बोलतात. १९८४ साली ‘लिरिटा’ची एलपी तुमच्या हातात येते. बकिंगहॅमशरच्या बर्नममध्ये रिचर्ड इटर या गृहस्थांनी १९५९ साली घरातून सुरू केलेली ही कंपनी. इतरांनी नाकारलेल्या ब्रिटिश रचना ती जपून ध्वनिमुद्रित करते. या तबकडीवर फोल्ड्सचं ‘डायनॅमिक ट्रिप्टिक’ आहे, पियानो आणि वाद्यवृंदासाठी. पियानोवर हॉवर्ड शेली, रॉयल फिलहार्मोनिकपुढे व्हर्नन हँडली. पहिला भाग ठरावीक सात स्वरांच्या चौकटीतच धावतो. रागाची शिस्त ओळखणाऱ्या कानाला ते लगेच कळतं. दुसऱ्या भागात तंतुवाद्यं पाव-पाव स्वराने सरकतात आणि ठाम पट्ट्यांचा पियानो मध्ये उभा राहतो. पेटी आणि सारंगी यांचा तो जुना वाद इथे वाद न राहता संगीत होतो. मला ही तबकडी फार प्रिय आहे. वादन कुठे अडखळल्यासारखं वाटतं, पण काहीतरी सापडल्याचा थरार त्यात आहे.

२००४, बर्मिंगहॅम. बाहेर पाऊस. तुम्ही नवी सीडी लावलीत, दिवा मालवलात, हेडफोन चढवलेत. सिटी ऑफ बर्मिंगहॅम सिम्फनी ऑर्केस्ट्रा, संचालक फिनलंडचे साकारी ओरामो. ‘थ्री मंत्राज’. पहिला मंत्र कर्माचा: धावपळ, झगमग, पितळी वाद्यांचा घणघणाट. तो ऐका, पण खरा मुक्काम दुसऱ्यावर करा. तो आनंदाचा मंत्र आहे. इथे काळ सैल होतो. शब्दांविना गाणारा स्त्रीस्वरांचा वृंद कुठून सुरू झाला ते कळत नाही; पहाटे नदीवर धुकं असावं तसा तो आधीपासूनच तिथे असतो. सूर लागतो, पण पुढे जायची घाई करत नाही. विलंबित ऐकलेल्या माणसाला हा धीर परका वाटणार नाही. पाश्चात्त्य संगीतात सूर नेहमी कुठेतरी निघालेला असतो अशी आपली समजूत. इथे तो बसलेला आहे.

तिसरा मंत्र संकल्पाचा. कर्नाटक मेळातले सात स्वर, त्यांच्याबाहेर एकही पाऊल नाही, आणि तेवढ्यावर अख्ख्या वाद्यवृंदाचं तांडव. शेवटच्या मिनिटांत आवाज कमी करावासा वाटेल. करू नका. याआधी लिरिटाने लंडन फिलहार्मोनिककडून बॅरी वर्ड्सवर्थ यांच्या संचालनाखाली हेच मंत्र मुद्रित करून घेतले होते. तेही सुंदर आहेत, अधिक सौम्य. निवड करायची तर मी ओरामोंची करेन. दोनच वर्षांनी त्यांनी फोल्ड्सची आणखी एक सीडी केली. तिच्यात ‘साँग ऑफ राम दास’ नावाचा छोटासा तुकडा आहे, फोल्ड्स हिंदुस्थानात आला त्या सुमाराचा. नाव वाचूनच मराठी हात तिकडे वळेल.

आणि रविवार, ११ नोव्हेंबर २००७. तोच रॉयल अल्बर्ट हॉल. वरच्या सज्जात तुम्ही पुन्हा त्याच कठड्याला टेकून उभे आहात. घुमटाखाली आता फायबरग्लासच्या मोठमोठ्या तबकड्या टांगल्या आहेत. १९६९ साली त्यांनी तो बदनाम प्रतिध्वनी बराचसा गिळला. मंचावर बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा, समोर लिऑन बोटस्टाइन. १९२६ नंतर ‘अ वर्ल्ड रिक्वियम’ आज पहिल्यांदा वाजतंय. उजव्या छातीवर पदक लावणाऱ्या त्या विधवा आता नाहीत. पण या वेळी वादकांवर मायक्रोफोन आहेत, आणि त्यांच्याखालून सूर, लॅटिन, बन्यन, कबीर सगळं टिपलं जातंय. शँडोस कंपनीने हा कार्यक्रम दोन सीडींवर काढला. एक्क्याऐंशी वर्षांनी त्या प्रार्थनेला गळा मिळाला.

एक काम मात्र राहिलं आहे, आणि ते आपल्याकडचं आहे. हिंदुस्थानात असताना फोल्ड्सने ‘सिम्फनी ऑफ ईस्ट अँड वेस्ट’ लिहिली होती, युरोपीय वाद्यवृंद आणि देशी वाद्यं एकत्र घेऊन. ती हरवली आहे. आकाशवाणीच्या त्या पहिल्या पिढीतल्या वादकांपैकी कुणी तुमच्या घरातलं, नात्यातलं असेल, दिल्लीला किंवा कलकत्त्याला राहिलेलं असेल, तर त्यांच्या ट्रंका एकदा उघडून पाहा. जुन्या स्वरलेखनाच्या पानावर जॉन फोल्ड्स हे नाव दिसलं, तर ते पान रद्दीत देऊ नका.