एक अनुच्चारित गृहीत

युक्तिवादाचे खरे बळ पुष्कळदा त्यात न उच्चारलेल्या विधानात असते. साताऱ्याचे राज्य अशाच एका विधानाने बुडाले. १८१९ च्या तहाने इंग्रजांनी ते छत्रपती प्रतापसिंह व त्यांचे वारस यांस दिले होते. प्रतापसिंहांना १८३९ मध्ये पदच्युत करून त्यांचे बंधू शहाजी तथा आप्पासाहेब यांस गादीवर बसविण्यात आले. ५ एप्रिल १८४८ रोजी तेही निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीने युक्तिवाद मांडला : राजास औरस पुत्र नाही, दत्तकास कंपनीची संमती नाही, सबब राज्य खालसा.

वरवर पाहता यात काही खोट दिसत नाही. परंतु तहातील ‘वारस’ या शब्दात संमतीवाचून घेतलेला दत्तक बसत नाही, हे मधले विधान येथे गृहीत धरले आहे. ते क्षणभर उलटून पाहावे : असा दत्तकही वारसच, असे म्हणताच सारा निष्कर्ष ढासळतो. हिंदू धर्मशास्त्र तर दत्तकास पुत्रच मानते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी तहाचाच आधार घेऊन खालसा करण्यास विरोध केला होता. तो मानला गेला नाही.

परप्रांती राहून आम्हीही नित्य टिपणे लिहितो. ‘सबब’ लिहिण्यापूर्वी, आधी काय लिहावयाचे राहिले, एवढे आम्ही पाहिले पाहिजे.