बंदुकीचा तिसरा तुकडा

संशोधनाला सुरुवात करणार असाल तर माझी एक चूक आधीच ऐकून ठेवा. मी मूळचा विज्ञानाचा. एम.एस्सी. करून तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळलो. यंत्राचा एखादा भाग दिसला की 'हा कशासाठी?' हे विचारायची सवय होती, पण 'कधीपासून त्यासाठी?' हे विचारायची नव्हती.

ब्रिटनमधल्या शॉटगनबद्दल, म्हणजे छऱ्यांच्या दुनळी बंदुकीबद्दल वाचत होतो. आज तिथं कुणी बंदूक घेऊन प्रवासाला निघालं आणि वाटेत हॉटेलात मुक्काम पडला, तर सरकारी सल्ला साधारण असा असतो: गाडी सोडून जावं लागलं तर बंदूक बाहेरून दिसणार नाही अशी, कुलूपबंद डिकीत ठेवा. काडतुसं शक्यतो वेगळी ठेवा. आणि 'फोर-एंड' काढून स्वतःजवळ ठेवा. फोर-एंड म्हणजे नळ्यांच्या खाली, पुढच्या हाताच्या पकडीचा लाकडी तुकडा. तो काढला की नळ्या बिजागरीवरून सुटतात आणि बंदुकीचे तीन भाग होतात: दस्ता, नळ्या आणि हा तुकडा. तिसरा भाग तुमच्या खिशात असेल तर चोराच्या हाती लागलेली बंदूक त्याच्या फारशी कामाची नाही.

मी लगेच लिहून टाकलं की चोरीच्या धास्तीनं कारागिरांनी हा भाग सुटा केला. आमच्या मॅडमनी समासात एवढंच विचारलं, "पेटंट कधीचं? कायदा कधीचा?"

झालं. शोधायला बसलो तेव्हा मधे शंभरावर वर्षं निघाली.

१८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात लेफोशो या फ्रेंच कारागिराची, मधून मोडून मागून काडतूस भरायची बंदूक मांडली होती. ती बघून इंग्लिश कारागीर या रचनेकडे वळले. बटण किंवा खिट्टी दाबून फोर-एंड पटकन काढायच्या सोयी १८७० च्या दशकात आल्या. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीतल्या अॅन्सन आणि डीली यांनी अशी रचना केली की बंदूक उघडताना नळ्या खाली झुकल्या की आतले घोडे आपोआप चढायचे. तो जोर फोर-एंडमधूनच जातो. म्हणजे तो तुकडा नुसती पकड राहिला नाही, यंत्राचाच भाग झाला.

तरी काढता येण्याचं कारण साधं होतं. बंदूक पुसायला सोपी जावी आणि पेटीत मावावी. हा रेल्वेचा काळ होता. १२ ऑगस्टला ग्राउस पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायचा आणि लंडनचे हौशी लोक गाडीनं स्कॉटलंड गाठायचे. अख्खी लांब बंदूक डब्यात कुठं घालणार? सुटे भाग आखूड पेटीत छान बसायचे.

बरं, मुक्कामी त्या बंदुकीची काळजी कोण घ्यायचं? बड्या घरांत 'गनरूम' असायची. पाहुण्याची बंदूक नोकर पुसून तिथं ठेवायचे. चोरी झालीच तर ते मालकाचं नुकसान. समाजाला धोका म्हणून कायदा त्याकडे बघत नव्हता. १८७० च्या कायद्यानुसार घराच्या आवाराबाहेर बंदूक न्यायची तर दहा शिलिंगचा परवाना लागायचा. तो पोस्टात मिळे, आणि त्यामागचा मुख्य हेतू महसूल हा होता. पुढे १९२० च्या कायद्यानं रायफली आणि पिस्तुलं पोलिसांच्या परवानगीखाली आली, पण शॉटगन त्यातून वगळली गेली.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात विचित्र वाटतो. ऑगस्ट १९६६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात तीन पोलिसांना गोळ्या घालून मारलं. हत्यारं पिस्तूल जातीची होती. पण १९६७ च्या क्रिमिनल जस्टिस अॅक्टनं प्रमाणपत्र सक्तीचं केलं ते शॉटगनला! फाशी १९६५ मध्येच स्थगित झाली होती, ती परत आणायच्या मागणीला उत्तर म्हणून सरकारनं हे केलं असं काही टीकाकार नंतर म्हणाले. १९ ऑगस्ट १९८७ ला हंगरफर्ड गावात १६ जणांची हत्या झाली. ती रायफल आणि पिस्तुलानं. त्यानंतरच्या १९८८ च्या दुरुस्तीत शॉटगनचे नियमही आवळले गेले: प्रमाणपत्रावर प्रत्येक बंदुकीची नोंद आणि ती सुरक्षित ठेवायची अट. 'घटना घडली म्हणून कायदा आला' असं एका वाक्यात लिहायच्या आधी हत्यार कोणतं होतं ते बघा.

आता त्या अटीकडे या, कारण मुक्कामाचा प्रश्न तिथंच आहे. आज लागू असलेल्या १९९८ च्या नियमांत एरवी बंदूक अशी ठेवायची की परक्याचा हात, वाजवी प्रयत्नांत जमेल तितका, तिच्यापर्यंत पोचू नये. पण बंदूक वापरात, साफसफाईत किंवा प्रवासात असेल तेव्हा 'वाजवी काळजी' घ्यावी, एवढंच म्हटलंय. हॉटेल, कपाट, फोर-एंड यातलं त्या अटीत काही नाही. ते सगळं पुढे मार्गदर्शक पुस्तिकांत आलं. लाकडाचा तो तुकडा त्या 'वाजवी' शब्दात नंतर बसवला गेला.

कायदा एकीकडे आणि खरी गोष्ट नियमांत, हे आपल्याकडेही दिसतं. १८७८ चा भारतीय शस्त्र कायदा नुसता वाचला तर परवाना सगळ्यांनाच लागू वाटतो. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना दिलेली सूट त्याखालच्या नियमांत होती. काँग्रेसनं १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले ते त्यामुळंच समजतात. बर्मिंगहॅमची तीच बंदूक तिकडे पोस्टातल्या पावतीवर चालायची, आणि इकडे ती हातात धरणारा कोण आहे हे आधी बघितलं जायचं.

माझ्या प्रकरणातलं ते वाक्य मी खोडलं. त्या जागी आता दोन वाक्यं आहेत, पेटंटाचं एक आणि पुस्तिकेचं एक. मॅडमनी दुसऱ्यासमोरही प्रश्नचिन्ह काढलंय: पुस्तिकेची पहिली आवृत्ती कधीची?